शनिवारची बैठक: रिस्क रजिस्टर सोबत आणा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्या ऑनलाइन बैठकीत, नाईट कॅपिटल प्रकरणावर चर्चा आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी या अमेरिकी दलाली कंपनीच्या ८ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला. त्यावरचा जुना, वर्षानुवर्षे बंद असलेला कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. घाईत उरलेल्या ७ सर्व्हरवरचा नवा कोड काढला, तर गोंधळ आणखी वाढला! बाजार उघडण्याआधी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते, पण ते इशारा म्हणून रचलेलेच नव्हते.

रिलीज (नवा कोड चढवण्याचं काम) दुसऱ्या कुणीतरी तपासावा, असा लेखी नियम तिथे नव्हता. कृपया हे प्रकरण एका तंत्रज्ञाची चूक म्हणून वाचू नका.

येताना आपापल्या प्रकल्पाचं रिस्क रजिस्टर, म्हणजे संभाव्य जोखमींची यादी, आणा. प्रत्येक जोखमीपुढे एका जबाबदार माणसाचं नाव हवं. 'टीम' लिहिलेलं चालणार नाही. रोलबॅक (नवा बदल मागे घेऊन आधीच्या आवृत्तीवर परतणं) शेवटचा कधी करून पाहिला तेही लिहा. ग्राहकांची नावं मात्र आधी काढून टाका.

येणार असल्यास शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच कळवा.