कप्तान व्हीअरचा न्याय

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. अमेरिकी लेखक हर्मन मेलव्हिलची 'बिली बड' ही कथा वाचून तू तिच्यातल्या कप्तान व्हीअरची इतक्या हिरिरीने बाजू घेशील, असे वाटले नव्हते. साल १७९७, इंग्लंडच्या आरमारात लागोपाठ दोन बंडे झालेली, फ्रान्सशी युद्ध चालू. अशा वेळी वरिष्ठावर हात टाकणाऱ्या बिली या खलाशाला, तो मनाने कितीही निर्मळ असला तरी, फासावर चढवण्यावाचून कप्तानाला गत्यंतर नव्हते, असे तू लिहितोस. मला हे पटत नाही, आणि ते बिलीची कणव येते म्हणून नव्हे.

तो प्रसंग पुन्हा बघ. शिस्तीचा अंमलदार क्लॅगार्ट कप्तानाच्या खोलीत बिलीवर तोंडावर फितुरीचा आळ घेतो, बिलीची जीभ अडखळते, शब्द फुटत नाही म्हणून ठोसा बसतो आणि क्लॅगार्ट जागीच मरतो. पाहणारा व्हीअर एकटा. न्यायालय बसण्याआधीच, हा पोरगा फाशी गेलाच पाहिजे, असे त्याच्या तोंडून निघून जाते. मग तोच तीन अधिकाऱ्यांना पंच नेमतो, त्यांच्यापुढे तोच साक्ष देतो आणि ते कचरतात असे दिसताच तोच त्यांना निकालाकडे रेटतो. वरिष्ठाला मारण्याची सजा मृत्यू होती, हे तुझे म्हणणे खरेच. पण ती सुनावण्याचा अधिकार एकट्या जहाजाच्या कप्तानाला नव्हता. त्यासाठी आरमारातले निदान पाच कप्तान एकत्र बसावे लागत. बिलीला कैदेत ठेवावे आणि प्रकरण अ‍ॅडमिरलकडे सोपवावे, हे जहाजावरच्या वैद्यालाही सुचते. कायद्याचा एवढा धाक घालणारा कप्तान स्वतःच कायदा मोडतो, हे तुझ्या नजरेतून कसे सुटले?

बंडाच्या भीतीबद्दलही थोडे लिहितो. १७९७ च्या त्या दोन बंडांपैकी पहिले इंग्लंडच्या किनाऱ्यालगत स्पिटहेडला झाले. तिथल्या खलाशांचा पगार शंभराहून अधिक वर्षे वाढलेला नव्हता, आणि शिधा पौंडाला सोळा औंसांऐवजी चौदाच औंस मिळे. सोळा औंसांचा पौंड ही त्यांची एक मागणीच होती. (मुंबईत १९४६ च्या फेब्रुवारीत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांचे जे बंड पेटले, त्याच्याही मुळाशी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्याची शिवराळ भाषा होती.) स्पिटहेडच्या बंडखोरांनी जहाजांवर शिस्त राखली आणि फ्रेंच आरमार बाहेर पडले तर आम्ही लढायला निघू, असा शब्द दिला. निष्ठा त्यांच्यात भरपूर होती. वरच्यांना ती दिसत नव्हती, एवढेच. बिलीचेही तेच. 'राइट्स ऑफ मॅन' या व्यापारी जहाजावरून सक्तीने उचलून आणलेला हा मुलगा गळ्यात दोर पडल्यावरही कप्तानाचेच भले चिंततो.

मेलव्हिलला हा विषय घरातूनच मिळाला असावा. १८४२ च्या डिसेंबरात अमेरिकी नौदलाच्या 'सॉमर्स' जहाजावर कप्तान मॅकेन्झीने बंडाच्या संशयावरून तिघांना रीतसर खटल्याविना फाशी दिली, आणि त्यांतला फिलिप स्पेन्सर हा युद्धमंत्र्यांचा मुलगा होता. ज्या अधिकाऱ्यांनी त्या फाशीला संमती दिली, त्यांत मेलव्हिलचा मामेभाऊ गॅन्सवूर्ट होता. जहाज अवघ्या चार दिवसांत बंदराला लागले. तेवढा धीर कोणाला निघाला नाही. मॅकेन्झीवर पुढे खटला झाला आणि तो सुटला. मेलव्हिल आपल्या कथेत या जहाजाचा नाव घेऊन उल्लेख करतो, पण कोणाला दोषी ठरवत नाही, व्हीअरलाही नाही. तुझी फसगत तिथेच झाली असावी. लेखक गप्प राहिला म्हणजे त्याने संमती दिली, असे तू धरून चाललास.

कथेच्या शेवटी नौदलाच्या वृत्तपत्रात जी बातमी येते, ती तुझ्या पत्रात कुठेच नाही. तीत क्लॅगार्ट सज्जन देशभक्त आणि बिली सुरा खुपसणारा परदेशी कटवाला ठरतो. जहाजावरच्या घाईचा दफ्तरी कागद झाला की तो असा होतो. व्हीअरची बाजू मांडायचीच असेल, तर या बातमीसकट मांड, आणि बिली अ‍ॅडमिरलची गाठ पडेपर्यंत बेड्यांत राहिला असता तर नेमके काय बिघडले असते, तेही लिही.

तुझा,
श्रीकांत