नकाशात चूक किती, तेही नकाशावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या पूररेषेबद्दल, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषेबद्दल, आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात. बांधकाम व्यावसायिक, शेतकरी, पूरग्रस्त असे सगळेच त्यावर हिरिरीने बोलतात. रेषा इकडे हवी की तिकडे, यावर वाद होतो; पण ती ज्या उपग्रहचित्रांवरून आणि ज्या उंचीच्या आकड्यांवरून आखतात, त्यांचा दर्जा काय, हे फारसे कोणी विचारत नाही. साखळी आणि फलकापासून ड्रोनपर्यंत मोजणीच्या कामातच माझे आयुष्य गेले, म्हणून हा प्रश्न मांडतो आहे.

चित्र स्वच्छ दिसले की नकाशा बरोबर, असे आपण सगळे धरून चालतो. मोबाइलवर स्वतःच्या घराची गच्ची आणि तिच्यावरची टाकी दिसली की विश्वास बसणारच. नोव्हेंबर २०१९ मध्ये इस्रोने सोडलेल्या कार्टोसॅट-३ च्या कृष्णधवल चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या जेमतेम २८ सेंटिमीटरचा असतो. एवढ्या बारकाईने काढलेले चित्रसुद्धा जागेवरून काही मीटर सरकलेले असू शकते. कॅमेरा तिरका असेल तर उंच इमारती एका अंगाला कललेल्या दिसतात, चढावरचा रस्ता बाजूला सरकतो. हे सरळ करायचे तर जमिनीची उंची ठाऊक असावी लागते आणि जमिनीवर नेमक्या मोजलेल्या खुणा लागतात. म्हणजे चित्राचा खरेपणाही शेवटी उंचीवरच येऊन टेकतो.

आणि पुराचे तर सगळे गणितच उंचीचे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. या दोन आकड्यांत अंतर चार फुटांचे, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आता हे पाहा: २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून केलेले उंचीचे प्रतिमान, म्हणजे जागोजागची उंची सांगणारा संगणकी नकाशा, हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. देशभराच्या कामासाठी तो मोलाचाच आहे. पण त्याची उंचीतली अचूकता ८ मीटरच्या घरात सांगितलेली आहे. ८ मीटर म्हणजे २६ फूट! ज्या गावात लोक इंचाइंचाने पाणी मोजत रात्र काढतात, तिथली रेषा अशा आकड्यांवर ठरवता येणार नाही.

सपाट मुलखात हे आणखी अंगावर येते. जमिनीला पाचशे मीटरला एक मीटर इतकाच उतार असेल, तर उंचीत एका मीटरची चूक झाली की रेषा अर्धा किलोमीटर सरकते. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारा, अर्धा किलोमीटर म्हणजे काय ते. तेवढ्यात त्याचा सगळा गट मावतो, कधीकधी सगळी वस्ती.

यावर उपाय म्हणून ड्रोनचे नाव घेतले जाते. गावातल्या घरांच्या मालकीची नोंद करणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली आणि ती पद्धत चांगली आहे. घरे, भिंती, रस्ते पाच सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतात. पण गावठाणाबाहेर पडले की आपल्याकडे ऊस उभा असतो. कॅमेऱ्याला दिसतात ती उसाची वाढे, माती दिसत नाही. उभा ऊस दहा-बारा फूट उंच. संगणकावरची प्रणाली पिके वजा करून जमीन शोधू पाहते, पण एकरच्या एकर ऊस लागून असला तर तिला टेकायला जमीनच सापडत नाही. मग उसाचे शेत नकाशात उंचवटा होऊन बसते. त्यावर पुराचे गणित मांडले की पाणी त्या शेताला वळसा घालून शेजारच्या रिकाम्या रानात शिरलेले दिसते. प्रत्यक्षात पहिल्यांदा बुडतो तो ऊसच! लेसरने मोजणी केली तर पानांच्या फटींतून काही किरण खाली पोचतात, पण दाट फडात तेही मोजकेच. म्हणून अशी मोजणी एप्रिल-मेमध्येच व्हावी. तोडी उरकलेल्या असतात, खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) अजून लहान असतो, आभाळ निरभ्र असते आणि मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने गल्लीबोळांत सावल्याही कमी पडतात. दीड वर्षाचा आडसाली ऊस तेव्हाही उभा असतोच. ते गट नकाशावर वेगळे दाखवावेत आणि बांधाबांधाने लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून तपासावेत.

प्रत्यक्ष पुराच्या वेळची चित्रे हा आणखी निराळा विषय. पावसाळ्यात ढगांमुळे साधे कॅमेरे आंधळे होतात, तेव्हा रडारवाले उपग्रह कामी येतात. युरोपचा सेंटिनेल-१ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला आपला ईओएस-०४ हे त्यातले. संथ पाण्यावरून रडारचा किरण आरशासारखा पलीकडे निघून जातो, म्हणून पाणी काळे दिसते आणि त्याची हद्द आखता येते. पण उसाखाली साचलेले पाणी काळे दिसत नाही, किरण पानांवरूनच परततो. जुन्या पेठांतल्या अरुंद गल्ल्यांतही तसेच. भिंतींवरून परतलेल्या लखलखाटात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतले कमरेएवढे पाणी हरवून जाऊ शकते. शिवाय उपग्रह त्याच्या ठरलेल्या वेळेलाच येतो. पाणी सर्वांत वर असताना तो डोक्यावर असेलच असे नाही. जुलै २०२५ मध्ये गेलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार या रडार उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटरच्या लांब लहरी पिकात अधिक खोल शिरतात, म्हणून त्याच्याकडून मला मोठी आशा आहे. मात्र तोही त्याच मार्गावरून १२ दिवसांनीच परततो.

अलीकडे संगणकाकडून धूसर चित्रे धारदार करून घेण्याची पद्धत निघाली आहे. असे चित्र पाहायला देखणे असते, पण त्यातला वाढीव तपशील यंत्राने अंदाजाने भरलेला असतो. मोजणीत त्याला जागा असता कामा नये, हे मी स्पष्ट सांगतो.

आणखी एक तांत्रिक पण जीवघेणी बाब. जीपीएस देते ती उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. आपल्या भागात या दोन उंच्यांत साठ मीटरहून अधिक तफावत आहे. ती वजा-बेरीज कोणत्या प्रतिमानाने केली, हे नकाशावर लिहिलेले नसेल तर दोन खात्यांचे नकाशे एकमेकांशी जुळणार नाहीत.

माझी मागणी साधी आहे. पूररेषेच्या प्रत्येक नकाशावर चित्राची तारीख, उंची कशावरून घेतली ते, जमिनीवर किती ठिकाणी तपासली ते आणि उंचीत किती फुटांची चूक संभवते ते मराठीत छापावे. निळी (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) रेषा बारीक रेघेने न काढता त्या चुकीइतक्या रुंद पट्ट्याने दाखवाव्यात. त्या पट्ट्यात ज्याचे घर किंवा गट येतो, त्याला प्रत्यक्ष मोजणी मागण्याचा हक्क द्यावा, आणि तीही त्याच्या खिशाला भार न पडता.

तपासणीसाठी लागणारा सर्वांत विश्वासाचा पुरावा तर आपल्या घरांवरच आहे. चिखली, आंबेवाडी, शिरोली, नृसिंहवाडी इथल्या कितीतरी भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा लोकांनी राखल्या आहेत. त्या प्रत्येक खुणेची उंची साध्या लेव्हलने मोजून घेता येते. तंत्रनिकेतनांतले आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम उत्तम करतील. भिंतीला नवा रंग लागला की खूण जाते, म्हणून येत्या उन्हाळ्यातच हे व्हावे आणि मोजलेल्या खुणांची यादी उंचीसह प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर, कोल्हापूर