ओढा मोजा, मगच मोटरींच्या पाळ्या लावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

म्हादई नदीच्या पाणीवाटप लवादाच्या 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं. त्यातलं कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेत वळवायचं 3.9 टीएमसी, यावर बेळगावात बाराही महिने चर्चा चालते. म्हादई आणि मलप्रभा दोन्ही खानापूर तालुक्यातल्याच. पण उगमाकडच्या गावात एप्रिलमध्ये नळाला पाणी येणार की नाही, ते टीएमसीवर ठरत नाही. गावच्या ओढ्याला किती धार आहे आणि तिच्यावर किती मोटरी बसल्यात, यावर ठरतं.

धार मोजायला यंत्र लागत नाही. ओढ्याचा दहा मीटर सरळ पट्टा बघावा, रुंदी मोजावी, चार-पाच जागी खोली घेऊन सरासरी काढावी. मग सुकं लाकूड सोडून दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहावं. वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून रुंदी, खोली आणि लांबी यांच्या मीटरमधल्या गुणाकाराला सेकंदांनी भागून आलेला आकडा 0.8 ने गुणावा; उत्तर घनमीटरमध्ये, म्हणजे हजार लिटरच्या मापात येतं. रुंदी 1 मीटर, खोली 10 सेंटिमीटर आणि वेळ 40 सेकंद असेल, तर धार सेकंदाला 20 लिटर.

थोड्या उंचीवर पाणी चढवणारी 5 एचपीची मोटर सेकंदाला दहाएक लिटर ओढते. म्हणजे दोन मोटरींत हा ओढा संपला! एका मोटरीचं तासाचं पाणी 36,000 लिटर. माणशी 55 लिटर धरलं तर साडेसहाशे माणसांचं दिवसाचं पाणी. त्यात थ्री-फेज वीज ठराविक तासच असते. ती आली की काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि खालच्या गावची जॅकवेल, म्हणजे नळाचं पाणी उचलायची काठावरची विहीर, उघडी पडते. म्हणून पाळ्या प्रत्येक गावाने वेगवेगळ्या नव्हे, तर वरच्या आणि खालच्या गावांनी एकत्र बसून लावायला हव्यात.

साठ्याचंही तसंच. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, परतीचा पाऊस सरताच, धार जोरात असताना बसले पाहिजेत. डिसेंबर उजाडला की बंधारा अर्धाही भरत नाही. बर्ग्यांचं रबर झिजलेलं असलं तर भरलेलं पाणीही रात्रंदिवस गळत राहतं; रबर सप्टेंबरमध्येच तपासावं.

वनराई बंधाऱ्यात, म्हणजे मातीच्या पोत्यांच्या कच्च्या बंधाऱ्यात, पोती गच्च भरली की दोन पोत्यांमध्ये फटी राहतात. पाऊण भरून, विटांसारखे सांधे चुकवून रचावीत. आधी तळातलं शेवाळ आणि सुटे दगड काढावेत, नाहीतर पाणी खालून वाट काढतं. मधला भाग वीतभर खाली ठेवावा. तो नसला तर पाणी कडेची माती कापून निघून जातं.

ग्रामपंचायतींनी नोव्हेंबरपासून दर महिन्याला धार मोजून आकडा फलकावर लिहावा. जॅकवेलच्या भिंतीवर लाल पट्टा मारावा, आणि पाणी त्याच्या खाली गेलं की शेतीच्या मोटरी बंद, असा ठराव ऊस लावायच्या आधीच्या ग्रामसभेत करावा. ऊस उभा राहिल्यावर कोणी मोटर बंद करणार नाही.

कळावे,
खानापूर तालुक्यातील एक शेतकरी