सानिकास पत्र : मोटर कुठल्या पाळीत लावायची

तासगाव, जि. सांगली

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

कुठल्या पाळीत किती शेतकरी मोटर लावतात, हे चालवून बघणारा तुझा कॉम्प्युटर प्रोग्रॅम वाचला. शेतकरी १०० नकोत, १०१ घे. ५०-५० झाले की कमी कोण हेच ठरत नाही. (एका डीपीवर इतक्या मोटरी कुठल्या? अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून अनेक डीपींना जाणारी लाइन, धर.) लाइटच्या आठ तासांतले पहिले चार की शेवटचे चार, एवढीच निवड. गर्दीच्या पाळीत व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं. म्हणजे ज्या पाळीत मोटरी कमी, ती जिंकली. १९९७ मध्ये शाले आणि झांग या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलेला ‘मायनॉरिटी गेम’ (जे कमी, ते जिंकले) तो हाच. पहिली पाळी +१, दुसरी −१ धर.

प्रत्येकाकडे दोन तक्ते. मागच्या एम दिवसांत कुठली पाळी जिंकली ते बघून आज काय करायचं, हे त्यात लिहिलेलं. एम ५ असेल तर ओळी ३२. तक्ते नाणं उडवून एकदाच भरायचे, मग हात लावायचा नाही. तू ते रोज नव्याने भरतेस, म्हणून तुझं उत्तर नाणेफेकीपलीकडे जात नाही. ज्या तक्त्याने जिंकलेली पाळी सांगितली त्याला गुण, चुकला त्याचा वजा; हे रोज दोन्ही तक्त्यांना, न वापरलेल्यालाही. उद्या जास्त गुणांचा तक्ता चालवायचा. बरोबरी झाली तर नाणं.

एका पाळीत सरासरी किती मोटरी, तो आलेख काढून टाक. एम काहीही ठेव, ती निम्म्याच्या आसपासच येणार. नुकसान होतं ते चढउतारात. दोन पाळ्यांतल्या रोजच्या फरकाचा व्हेरिअन्स (चढउताराचं माप) काढून १०१ ने भाग. सगळे नाण्यावर चालले तर उत्तर १. एम २ ला ते १ च्या कितीतरी वर जातं, कारण ओळी चारच, म्हणून वेगळे तक्ते मुळात १६च. कित्येकांच्या हाती तेच ते येतात आणि सगळे एकदम पाळी बदलतात. एम १० ला पुन्हा १ जवळ. सर्वांत कमी एम ५ च्या आसपास, कारण ओळी भागिले शेतकरी, म्हणजे ३२ भागिले १०१, ०.३२ येतं, आणि अवस्थाबदल (जिथे सगळ्यांच्या वागण्याची तऱ्हाच पालटते ती जागा) ०.३४ ला आहे. आडव्या अक्षावर एम नको, हेच गुणोत्तर घे. २०१ आणि ४०१ शेतकऱ्यांचे आलेखही त्याच रेषेवर बसतील.

सुरुवातीचे दिवस मोजू नकोस. एम १० ला ओळी १०२४, प्रत्येक ओळ शंभरेक वेळा वापरात यायला लाखभर दिवस लागतात. तक्ते बदलून तीसेक वेळा चालव.

शेवटी एक पडताळा घे. मागच्या दिवसांत जिंकलेल्या पाळ्यांच्या खऱ्या इतिहासाऐवजी रोज सगळ्यांना एकच, पण नाणं उडवून बनवलेला इतिहास दे. व्हेरिअन्स जवळपास तोच यायला हवा. कावान्या या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हे दाखवलंय. फारच वेगळा आला, तर प्रोग्रॅममध्ये गुण देण्याच्या ओळीत अधिक-वजाचं चिन्ह तपास.

तुझे,
बाबा