क्षमा केली, मग काम का देत नाही?

महोदय,

ईस्टरच्या सुमारास वर्तमानपत्रांतून प्रभू येशूच्या पुनरुत्थानाविषयी लिहिले जाते. त्यानंतर गालील समुद्राच्या काठी जे घडले, ते मात्र आम्ही ख्रिस्ती लोकसुद्धा नुसते वाचून पुढे जातो.

येशूला अटक झाली त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्याचा शिष्य पेत्र याने, मी त्याला ओळखत नाही, असे म्हणून येशूला तीनदा नाकारले होते. काठावर येशूने मासे ठेवले होते तेही कोळशाच्या विस्तवावरच. तो वास येताच पेत्राच्या पोटात कसे कालवले असेल! येशूने आधी सर्वांना न्याहारी दिली. मग माझ्यावर प्रीती करतोस का, असे पेत्राला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. झाल्या गोष्टीवर पांघरूण घातले गेले नाही. पण दर उत्तराला येशूने आपली मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, त्याच्या हवाली केली.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक गृहस्थ अनेक वर्षे उपासनेला पेटी वाजवत. दारू लागली, नोकरी गेली, बायकोने मार खाल्ला. आज दारू पूर्ण सुटली आहे, पत्नी नांदायला परत आली आहे. (दोघांना विचारूनच हे लिहिते आहे.) सगळे त्यांना हात जोडून 'जय ख्रिस्त' म्हणतात, पण बसायचे शेवटच्या बाकावर. पेटीवर खोळ तशीच आहे आणि गीतांच्या चाली मोबाइलवरून स्पीकरला लावल्या जातात. 'लोक काय म्हणतील?' असे मंडळीचा कारभार पाहणारे पंच म्हणतात. मंडळीचे पैसे लगेच त्यांच्या हाती द्या, असे मीही म्हणत नाही. पण पेटी?

बायबलमध्ये असेच आणखी एक उदाहरण आहे. पौल आणि बर्णबा हे प्रेषित सुवार्ता सांगत फिरत असताना त्यांचा तरुण सोबती मार्क पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर परतला, म्हणून पौल पुढच्या फेरीत त्याला न्यायला तयार नव्हता. त्यावरून बर्णबाशी वाद होऊन दोघांच्या वाटा फुटल्या, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र (सायप्रस) बेटावर गेला. पुढे त्याच पौलाने बंदिवासातून आपला सहकारी तीमथ्य याला कळवले की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबाने त्याला जवळ केले नसते, तर? देवाची कृपा बहुतेकदा अशीच कोणाच्या तरी हातून पोहोचते, असा माझा विश्वास आहे.

या गृहस्थांना पुन्हा पेटीवर बसवावे, असा लेखी अर्ज मी पाळकसाहेबांकडे (आमच्या धर्मगुरूंकडे) दिला आहे. इतर मंडळ्यांच्या पंचांनाही विनंती, की आपल्या शेवटच्या बाकावर कोण बसते ते पाहावे आणि त्याला कोणते काम येते हे विचारावे.

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर