‘अचूक’ उपचार म्हणजे काय, हे रुग्णाला सांगायला हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्करोगाच्या गाठीतील जनुकीय बदल तपासून त्यानुसार औषध ठरवण्याच्या पद्धतीला मराठी वृत्तपत्रांतून बहुधा ‘अचूक उपचार’ म्हटले जाते. या शब्दामुळे आणि त्याहूनही अधिक आमच्या गप्प बसण्यामुळे घरात जे घडले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आयुष्यात कधी तंबाखूला हात न लावलेल्या माझ्या आईला एकसष्टाव्या वर्षी फुप्फुसाचा कर्करोग झाला. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत ईजीएफआर या जनुकात बदल सापडला आणि केमोथेरपीऐवजी रोज एक गोळी सुरू झाली. आजाराचे नाव मात्र आईला सांगितले गेले नाही. “पेशंटसमोर बोलू नका,” अशी गळ डॉक्टरांना मी आणि माझ्या भावानेच घातली होती आणि त्यांनी ती मानली. छातीत गाठ आहे, ती गोळीने विरघळेल, एवढेच तिला ठाऊक होते. तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर आणि पाठीवर पुटकुळ्या आल्या, नखांच्या कडा सुजल्या. या गटातल्या औषधांचा हा नेहमीचा परिणाम आहे आणि त्यावर इलाजही असतो. पण आईने अंगातली उष्णता वाढली असे समजून सब्जाचे पाणी सुरू केले आणि कोणालाही न सांगता गोळी बंद केली. कपाटातल्या पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, तेव्हा अकरा जास्त निघाल्या.

त्या दिवशी मला जाणवले की, रुग्णापासून निदान लपवण्याची आपली जुनी, मायेपोटी आलेली रीत या नव्या उपचाराला पेलवणारी नाही. केमोथेरपी बहुधा रुग्णालयात, परिचारिकेच्या डोळ्यांसमोर दिली जाते. ही गोळी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, रुग्ण स्वतःच्या हाताने घरी घेतो आणि अंगावर काय उठले, पोट किती वेळा बिघडले, दम कधी लागला, हे त्याच्याखेरीज कोणीच सांगू शकत नाही. ज्याला आजारच ठाऊक नाही, तो कोणती तक्रार कोणाला आणि का सांगणार?

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आम्हाला बाजूला ठेवून थेट आईशी बोलणे केले. फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेशीचे चित्र काढून ते म्हणाले, “आजी, हा कॅन्सर आहे. पेशीला वाढायला सांगणारं हे बटण चालूच अडकलंय. गोळी ते बंद ठेवते. पण काही काळानं गाठ दुसरी वाट काढू शकते.” आईने विचारले, “तेव्हा काय करायचं?” हा प्रश्न आम्ही दोघांनी तोवर विचारलाच नव्हता, कारण ‘अचूक’ म्हटल्यावर चूक होणारच नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. ईजीएफआरमधील बदलावर दिल्या जाणाऱ्या ऑसिमर्टिनिब या गोळीच्या फ्लॉरा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या रुग्णांत आजार त्याआधी वाढतो, निम्म्यांत त्यानंतर) 18.9 महिने होता. याच गटातल्या जुन्या गोळ्यांचा 10.2 महिने. फरक मोठा आहे, पण ती कायमची सुटका नव्हे. आता आई रोज गोळी घेतल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करते आणि त्रास झाला तर त्याच चौकटीत लिहून ठेवते. डॉक्टर आधी ती पाने पाहतात, मग बोलतात.

प्रत्येक गाठीत औषध लागू पडेल असा बदल सापडतोच असे नाही, हे तपासणीचे पैसे भरण्याआधीच सांगितले गेले पाहिजे; नाहीतर ‘काही सापडले नाही’ हे वाक्य कुटुंबाला फसवणुकीसारखे वाटते. काही बदलांचा अर्थ आज शास्त्रालाही नीट लागलेला नाही, हेही सांगावे. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकातला दोष जन्मजात असेल, तर प्रश्न रुग्णापुरता उरत नाही. बहिणी आणि मुलांपर्यंत जातो, आणि तिथे तर लपवाछपवी धोक्याचीच ठरते. पानेच्या पाने भरलेला इंग्रजी अहवाल हाती देऊन हे काम होत नाही.

जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिबसह कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ झाले, ही मोलाची गोष्ट आहे. किमतीची चर्चा होते तशी समजावून सांगण्याच्या वेळेची होत नाही. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी पाहता सारा भार डॉक्टरांवर टाकणे अन्यायाचे होईल, म्हणून तपासणीपूर्वी आणि अहवालानंतर रुग्णाशी मराठीतून बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक प्रत्येक कर्करोग केंद्रात असावा आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने, म्हणजे देशभरातल्या कर्करोग केंद्रांच्या जाळ्याने, अशा अहवालांसोबत देण्यासाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक तयार करावे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. ‘अचूक उपचार’ऐवजी ‘जनुकानुसार उपचार’ असे छापावे. आईने हाच शब्द पसंत केला. तो वाचून निदान काय केले जाते ते कळते, असे तिचे म्हणणे आहे.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी, सांगली