खानापूरच्या झेरॉक्सवाल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

तुमच्या गल्ल्याशेजारी मराठी पेपर घडी करून ठेवलेला असतो, म्हणून मराठीतच लिहिते. त्या दिवशी तोंडानं नीट काही बोलता आलं नाही. घसा दाटला होता, आणि झेरॉक्सला माणसं उभी होती.

मी चंदगडची, लग्न होऊन इकडं आले. पहिली दोन वर्षं बाजारात बोट दाखवून मीठ आणलं. माझ्यासारख्या नव्या सुनांसाठी एक साधा शब्दांचा खेळ करायचा, एवढंच डोक्यात होतं. काळ्या खिडकीत कन्नड शब्द यावा, 'उप्पु', आपण 'मीठ' टाइप करायचं, बरोबर आलं तर एक गुण. चित्रं नाहीत, आवाज नाही.

त्यासाठी बेळगावला पायथनचा, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायच्या एका भाषेचा, क्लास लावला. फी आधीच भरून घेतली. खेळ तयार झाला, पण वीस शब्दांपैकी एकोणीस 'चूक'. फक्त शेवटचा, 'नीरु'ला 'पाणी', तेवढा बरोबर! सरांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, "कॉम्प्युटरला मराठी कळत नाही, इंग्रजीत करा." वर्ग हसला. ह्या भागात आधीच भाषेवरून काय कमी ऐकून घ्यावं लागतं, आता मशिनीचंही ऐकायचं? परतीच्या बसमध्ये मी खेळ पुसूनच टाकणार होते.

तुमच्याकडं आले होते ती आधारची झेरॉक्स काढायला. तुम्ही विचारलंत, "शेवटचाच का बरोबर येतो?" महिनाभरात हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, मलासुद्धा. पडद्यावर शब्द दाखवणाऱ्या 'प्रिंट'च्या आत 'रेप्र' लिहायला लावलंत, म्हणजे लपलेल्या खुणाही दिसतात, आणि पडद्यावर मीठ आलं, त्याला चिकटून एक तिरकी रेघ आणि एन. माझ्या शब्दांच्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ओळ संपली' अशी न दिसणारी खूण असते, ती शब्दाबरोबर आत येत होती. शेवटच्या ओळीनंतर मी एंटर मारलं नव्हतं, म्हणून पाणी तेवढं स्वच्छ! अशा कडेच्या खुणा झाडून टाकणारं एक 'स्ट्रिप' लावलं आणि सगळं सुटलं. "पायथन तीन आलं २००८ ला, तवापासून मराठी काय, कन्नड काय, त्याला सगळं सारखंच," असं तुम्ही सहज म्हणालात. मला मात्र ते सहज नव्हतं.

पण मी लिहितेय ते त्यासाठी नाही. चूक सापडल्यावर तुम्ही मला उठवलं नाहीत. स्वतः गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलात, कीबोर्ड ओढून घेतलात आणि खेळायला लागलात. वीसच्या वीस शब्द, एका बोटानं. कोण तरी म्हणालं, "अण्णा, दोन कॉपी." तुम्ही मान न वळवता म्हणालात, "थांबा वो, परीक्षा चालू हाय." तो माणूस खरंच थांबला. घरातल्यांनीसुद्धा माझा खेळ तिसऱ्या शब्दापुढं खेळला नव्हता.

मध्येच तुम्ही भांडलातही. "कांद्याला ईरुळ्ळी इथं कोण म्हणतंय? उळ्ळागड्डी घाला." घातलं. 'बेल्ल'ला तुम्ही 'गुळ' लिहिलंत, माझ्या फाइलीत 'गूळ', झाली चूक. तुम्ही म्हणालात, दुकानदार काय ऱ्हस्व-दीर्घ तपासून वजन करतो? आता एका शब्दाला दोन उत्तरं चालतात. ते माझं मी घरी केलं, एका संध्याकाळी.

ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याच्या शेजारी खाली बसावं, ही रीत आमच्या आजीच्या वेळी शेतात होती. टोकण शिकवायची तर ती स्वतः वाकायची. फी घेऊन शिकवणाऱ्यांकडं ती रीत कुठं हरवली कोण जाणे.

तुम्हाला एकोणीस गुण पडले होते. गूळ धरला तर वीस, ते मी वाढवून टाकलेत. येत्या रविवारी धाकटी जाऊ येणार आहे माझ्याबरोबर, ती अजून 'अक्की'लाच, म्हणजे तांदळालाच, अडकते. आणि त्या दिवशीचे झेरॉक्सचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते घेऊन येते.